दाब, सोड

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ट्रकचं पेडल. सप्टेंबरातला शनिवार, सकाळचे दहा. ती वर केबिनमध्ये, बुडाखाली तिची निळी उशी, पदर कमरेला खोचलेला. मी खाली बॉनेटमध्ये डोकं घालून कार्बोरेटरकडे बघत होतो. मी "दाब" म्हणायचं, तिनं अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. मी "सोड" म्हणायचं, तिनं पाय उचलायचा. हे आमचं पंधरा वर्षांचं काम. मी निवृत्त झालो त्या वर्षी लिलावात हा ट्रक घेतला, तेव्हापासूनचं.

दाब म्हटलं की इंजिनानं लगेच आवाज चढवायला हवा. हे चढवत नव्हतं. आधी थबकायचं, दोनदा गिळल्यासारखं करायचं, मग एकदम खाकरून उठायचं.

"अहो, हा आधी आवंढा गिळतो नि मग बोलतो," ती वरून म्हणाली. "तुमच्या आईपुढे मी बोलायची तसा."

"तोंड बंद ठेव आणि दाब."

"तोंडानं नाही दाबत. पायानं दाबते."

मी हसलो नाही. हसायला हवं होतं. पुन्हा दाब, पुन्हा सोड, असं अकरापर्यंत चाललं. मग ती म्हणाली, भात लावायचा आहे, उरलेलं उद्या. विहिरीत उतरतात तशी पाठमोरी, दाराला धरून एकेक पाय खाली टाकत उतरली आणि आत गेली. उशी सीटवरच राहिली.

दुपारी शेजारच्या दोन बायका लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. तिला दम्याचा त्रास होता, छातीत धरलं की तोंडात मारायचा पंप असायचा. तो पंप त्या वेळी स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीच्या डब्यात होता. मुद्दाम तिथे ठेवलेला, कुणाला दिसू नये म्हणून. बायका तासभर बसल्या. तिची छाती भरून येत होती तरी ती उठली नाही. मी अंगणात कार्बोरेटर खोलत होतो. खिडकीतून त्यांचं हसणं ऐकू येत होतं, म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे. बायका गेल्यावर ती उठली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडली. तीन दिवस इस्पितळात होती. तिसऱ्या दिवशी गेली.

आता तो पंप डाळीच्या डब्यात का होता ते सांगतो. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय.

मी चौथी शिकलेला माणूस. साताऱ्याकडून बाविसाव्या वर्षी इथे चेन्नईला आलो, फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. बायको इथलीच, पण मराठी. तंजावरकडचं घराणं, तीनशे वर्षांपूर्वी आलेलं. तिची मराठी ऐकून माझी आई म्हणायची, ही पोथीतून उठून आली काय? झालं म्हणायचं तिथे ती जालं म्हणायची, आणि मध्येच तमिळ. शब्द आमचेच, पण अर्थ कधी कधी तमिळकडे वळलेला. तमिळमध्ये "विट्टुट्टेन" म्हणतात, म्हणजे ठेवलं तसंच, हात नाही लावला. तिच्या माहेरी त्यालाच "सोडलं" म्हणायचे.

लग्न होऊन आठवडा झाला असेल. रात्री दिवा घालवताना मी विचारलं, मच्छरदाणी सोडलीस का? म्हणाली, सोडली. मी आडवा झालो. इथले डास तुम्हाला माहीत नसतील तर सांगून उपयोग नाही. रात्रभर फोडून काढलं. पहाटे बघतो तर मच्छरदाणी वर गुंडाळलेली तशीच. मी ओरडलो, सोडली म्हणालीस ना? ती म्हणाली, हो, सोडली, तुम्ही घामेजला होता, म्हटलं वारा लागू दे. मी खाली सोडली का विचारत होतो, ती राहू दिली म्हणत होती. दोघांची तोंडं सुजलेली. नंतर चाळीस वर्षं पाहुण्यांना ही गोष्ट सांगून आम्ही हसवलं. हसवलं खरं, पण त्यातून शिकलो काहीच नाही.

तर पंप डब्यात गेला तो एका माणसामुळे. अड्यारला बंगला आहे त्याचा, झाडीतला. जुन्या गाड्या जमवतो. दर जानेवारीत जुन्या गाड्यांची फेरी निघते, अड्यारहून गिंडी, मग कत्तीपाऱ्याच्या पुलावरून फिरून परत. सगळ्यांत पुढे हा, सायीच्या रंगाच्या उघड्या मोटारीत, डोक्याला टोपी. गेल्याच्या मागच्या जानेवारीत कुणीतरी त्याला सांगितलं की गिंडीच्या कारखान्यांमागे एका म्हाताऱ्याकडे जुना फौजी ट्रक आहे, पेट्रोलवरचा, सगळे मूळ भाग असलेला. आला बघायला. बरोबर सहा-सात दोस्त, सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे.

मी आदल्या दिवशी ट्रक धुतला होता. तिनं पुढच्या जाळीला कुंकू लावलं होतं आणि त्या सगळ्यांसाठी कॉफी केली होती. मी बॉनेट उघडलं, ती वर चढून बसली. गाडी सुरू केली. पहिली दहा मिनिटं अशी चालली की मलाच अभिमान वाटला. मग मी त्यांना पिकअप दाखवायला गेलो. दाब म्हटलं. तिनं दाबलं. गाडी थबकली, गिळली, एक गचका दिला आणि बंद पडली. पुन्हा मारली, पुन्हा बंद. त्यात तिची धाप वाढली, कारण पेडल जड आहे. तिनं पंप काढून तोंडात मारला, तिथेच, केबिनमध्ये, सगळ्यांसमोर.

तेव्हा तो म्हणाला, "वण्डिक्कुम दम इल्ला, पाट्टिक्कुम दम इल्ला."

गाडीलाही दम नाही, आजीलाही दम नाही. दम शब्द त्यांच्यात आणि आपल्यात एकच आहे, त्यामुळे समजून घ्यायला जरासुद्धा वेळ लागला नाही. सगळे हसले. एकाने फोटो काढला. तीही हसली. तिचं ते हसणं मला जास्त लागलं. पाहुण्यांसमोर यजमानीण हसते तसं हसली, आणि पंप पदराखाली घेतला.

जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तात्ता," आजोबा म्हणाला मला, "दम आला की आणा फेरीला. पुढच्या वर्षी."

त्या दिवसापासून तिनं चारचौघांत पंप तोंडाला लावला नाही. देवळात नाही, बसमध्ये नाही, कुणाच्या घरी नाही. आधी ब्लाउजमध्ये ठेवायची, मग घरी कुणी आलं की डाळीच्या डब्यात. मी म्हणायचो, "अगं, औषध आहे, त्यात काय लाजायचं?" ती म्हणायची, "लाजत नाही हो. तुमच्या ट्रकला एक पंप आहे, तो झाकलेलाच असतो ना? तसा माझाही." असं हसण्यावारी न्यायची. डब्यात हात घालताना मात्र आजूबाजूला बघून घालायची, चोरासारखी. स्वतःच्या घरात.

म्हणून मी म्हणतो की त्या माणसानं तिला मारलं. डॉक्टर काहीही लिहोत.

तेराव्याला मुलगी आली होती. ती बंगळूरला असते, तिला मराठीपेक्षा तमिळ सोपी जाते. जाताना म्हणाली, "अप्पा, माझ्याबरोबर चला. ट्रक विकून टाका. तो माणूस बोलला ते विसरा, सोडून द्या."

"देतो," म्हटलं. तिला गाडीत बसवून परत आलो, आणि फेरीच्या कचेरीत फोन करून ट्रकचं नाव नोंदवलं.

माझं ठरलं होतं. त्या पुलावर, चढावर, सगळ्यांच्या समोर त्याच्या मोटारीच्या बाजूला ट्रक घालायचा आणि केबिनमधून खाली बघून त्याला त्याचेच शब्द ऐकवायचे. वाक्यही तयार केलं होतं, तमिळमध्ये. आंघोळ करताना म्हणून बघायचो. कधी लांब, कधी छोटं. एकदा इतकं लांब झालं की पूल संपेल पण वाक्य संपणार नाही, म्हणून काटछाट केली. जेवायला बसलो की त्याचा चेहरा समोर यायचा आणि भात चांगला उतरायचा. राग असला की भूक लागते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण त्यासाठी ट्रकला दम हवा होता.

एकट्याने पेडलचं काम होत नाही. बॉनेटखाली आणि केबिनमध्ये एकाच वेळी माणूस कसा असणार? मी पेडलला सुतळी बांधली, कप्पीवरून पुढे आणली, ओढली की दाब आणि ढिली केली की सोड. तोंडानं तरी म्हणायचोच. सवय. उशी हलवली नाही.

एकेक करून सगळं काढलं. कार्बोरेटर तीनदा धुतला. त्यातला पिकअपचा छोटा पंप बघितला, पेट्रोलची धार बरोबर पडत होती. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, प्लग बदलले. पेट्रोल पंपाचा पडदा नवा घातला. फिल्टर उलटा करून फुंकला. दर वेळी गाडी अंगणात छान चालायची आणि मी म्हणायचो, झालं. मग बाहेर काढायचो. दहा-पंधरा मिनिटं मजेत. कत्तीपाऱ्याच्या पुलाच्या पायथ्याशी आलो, चढावर दाबला की तोच आवंढा, तोच गचका, आणि बंद. मागे भोंगे. एक बसवाला खिडकीतून म्हणाला, "तात्ता, तुम्ही आणि ही गाडी, दोघंही म्युझियमला जा." त्याचं तोंडही लक्षात ठेवलं मी. अर्धा तास तिथेच उभं राहायचं, मग गाडी आपोआप सुरू व्हायची, काही झालंच नाही अशी.

गाडी थांबून विश्रांती घेतली की चालते, म्हणजे उष्णतेचा त्रास, असं मी धरलं. चेन्नईच्या हवेत नळीतलं पेट्रोल तापून वाफ होते. फौजी ड्रायव्हर ओलं फडकं गुंडाळायचे नळीला. मीही गुंडाळलं. मग नळीला इंजिनापासून लांब वळवलं. नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला. पाऊस पडला तेव्हा हवा गार होती, तरी बंद पडली. तरी मी उष्णतेच्याच मागे. इतकी वर्षं फिटर होतो, कुणी नवखा असा वागला असता तर त्याच्या कानाखाली दिली असती.

एक गोष्ट मी बघितलीच नाही. ती बघायची गरज नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

हे फौजी ट्रक नदीतून जायला केलेले. पाणी चढलं तरी आत शिरू नये म्हणून सगळी झाकणं घट्ट बंद. पण गिअरबॉक्स, ब्रेकच्या तेलाचं भांडं, पेट्रोलची टाकी, या सगळ्यांना हवा तर लागते. म्हणून प्रत्येकाची एक बारीक नळी काढून वर नेलेली असते, पाण्याच्या वर. आम्ही तिला ब्रीदर म्हणायचो. ती नाक म्हणायची. टाकीचं नाक केबिनच्या मागून छतापर्यंत जातं आणि तिथे छत्रीच्या मुठीसारखं खाली वळतं.

अड्यारवाला आला त्याच्या आधीच्या डिसेंबरात वादळाचा पाऊस झाला. अंगणात पाणी, ट्रकची चाकं अर्धी बुडालेली. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी, खाटेवरून उठायचं नाही. मी आतून ओरडून सांगितलं, "नाकांची तोंडं बांध, पाऊस आडवा येतोय." ती त्या पावसात गेली. सगळी बांधली. शिडी लावून मागचंही बांधलं. भिजून चिंब आत आली, छाती वाजत होती. मी घाबरलो आणि घाबरलो की मी शिव्या देतो. "मागच्यावर कशाला चढलीस? परत त्या शिडीवर चढलीस तर बघ," म्हणालो.

पाऊस गेला. पुढची नाकं मी स्वतः चाचपून मोकळी केली, एका डोळ्यानं. मागचं उंच होतं. आठवड्यानं मी तिला विचारलं, "टाकीचं नाक सोडलंस ना?"

"सोडलं की," ती म्हणाली.

झालं. विषय संपला.

या जानेवारीत फेरीच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेवटचं बघून घ्यावं म्हणून ट्रक बाहेर काढला. पुलापर्यंत नेलाच नाही, हिंमत नव्हती. गिंडीतल्या गिंडीत पंधरा मिनिटं फिरवला आणि गचके सुरू व्हायला लागल्यावर पेट्रोल पंपावर घातला. नेहमी मी घरी सकाळी गार गाडीत कॅनमधून पेट्रोल भरायचो. तापलेल्या गाडीचं झाकण बाहेर कधी उघडलंच नव्हतं. तिथे कामाला असलेल्या बाईनं झाकण फिरवलं. फिरवता फिरवता आतून सूंऽऽ असा आवाज झाला. लांब. दीर्घ श्वास आत ओढावा तसा. ती दचकून मागे सरली, मग हसली.

"तात्ता, टँक मूच्चु वांगुदु," म्हणाली. टाकी श्वास घेतेय.

मी तिथेच उभा राहिलो. ती विचारत होती किती भरू, मी तिच्या हातातल्या झाकणाकडे बघत होतो. पेट्रोल जातं तेवढी हवा टाकीत यायला हवी. येत नसली तर आतून ओढ लागते, पेट्रोल पुढे येत नाही, गाडी आवंढा गिळते, थांबते. अर्ध्या तासात कुठून तरी थेंब थेंब हवा शिरते आणि पुन्हा चालते. पहिल्या वर्षी नव्या पोरांना शिकवतात हे.

घरी आलो. शिडी लावली. या वयात शिडीवर चढलेलं तिनं बघितलं असतं तर शिव्यांची परतफेड केली असती. केबिनच्या मागे, छताच्या खाली, टाकीच्या नाकावर दादरा बांधलेला होता.

लोणच्याच्या बरणीला बांधतात तसाच. आत दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, धुऊन वाळवलेलं. त्यावर तिच्या सुती लुगड्याचा तुकडा, चौकोनी, कडा दुमडलेल्या. आणि सुतळीचे चार फेरे, तिची ती गाठ, जी बरणी उघडताना मला कधी सुटत नसे आणि मी सुरी मागायचो. दोन पावसाळे खाऊन कापड राखाडी झालं होतं. गाठ तशीच होती. पाण्याचा थेंब आत गेला नव्हता. हवेचाही नाही.

सोडलं की.

तिनं सोडलंच होतं. मी परत चढू नको म्हणालो होतो, ती चढली नाही. सोडलं. मच्छरदाणी सोडली होती तसं.

शिडीवरून खाली उतरवेना. मी तिथेच छताला धरून राहिलो आणि डोक्यात एकेक फिरत गेलं. मी बांध म्हणालो. मी चढू नको म्हणालो. मी विचारलं आणि न बघता विश्वास ठेवला. म्हणून गाडी त्या लोकांसमोर बंद पडली. म्हणून त्याला ते वाक्य सुचलं. म्हणून पंप डाळीत गेला. मागे मागे जात राहिलं की शेवटी खाटेवरून ओरडणारा मीच सापडतो, डोळ्यावर पट्टी बांधलेला.

बरं. सापडलो. मला शिक्षा मिळालीच आहे, रोज दोन ताटं काढतो आणि एक परत ठेवतो. पण त्याला काय मिळालं? गाडीला दम नव्हता हे त्या दिवशी खरं होतं. तिला दम नव्हता हेही खरं होतं. पण एखाद्याचं खरं त्याच्या तोंडावर हसून, दोस्तांना ऐकवून सांगायचं नसतं, तेही त्याच्या घरची कॉफी पिऊन. माझी चूक निघाली म्हणून त्याची माफ झाली असं कुणी म्हणत असेल तर त्यानं माझ्याकडे यावं आणि मी काय म्हणतो ते ऐकावं.

तर फेरीला जायचंच होतं. आणि जायचं तर टाकीला हवा हवी. मी खिशातली सुरी काढली. गाठीला लावली.

लावली आणि थांबलो. तिच्या हातची बरणी आता एकही नव्हती. शेवटचं लोणचं दिवाळीतच संपलं, तेव्हा आलेल्या मुलीनं बरण्या धुऊन पालथ्या घातल्या. तिनं बांधलेलं असं जगात एवढंच उरलं होतं. तिच्यासाठी सूड घ्यायचा आणि त्यासाठी पहिला घाव तिच्याच गाठीवर घालायचा, हे मला जमेना. सुरी दुमडून खिशात ठेवली. उतरलो. संध्याकाळभर अंगणात बसून ट्रककडे बघत राहिलो. त्या माणसाला सोडायचं की ही गाठ सोडायची, एवढाच प्रश्न होता, आणि मला दोन्ही सोडायची नव्हती.

शेवटी फिटरचं डोकं चाललं. हवा नाकातूनच घेतली पाहिजे असं थोडंच आहे? मी टाकीचं झाकण काढलं. त्याच्या आत रबराचा जाड वायसर असतो, त्यानेच झाकण घट्ट बसतं. तो काढला आणि तिच्या शिवणाच्या कात्रीनं त्याला नखाएवढी खाच दिली. शिवणाच्या कात्रीनं रबर कापलेलं तिला मुळीच चाललं नसतं. परत बसवला. गाडी चालू करून सुतळी ओढली.

"दाब," म्हटलं.

एकदम उठली. थबकली नाही, गिळली नाही. अर्धा तास चालू ठेवली, मग पाऊण. सुतळी सोडली, ओढली, सोडली. प्रत्येक वेळी पहिल्या हाकेला. शेजारची एक बाई, पत्रिका घेऊन आलेल्या दोघींतली, कुंपणावरून म्हणाली, "काय, जमलं वाटतं?" मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "त्यांना आवडलं असतं." त्या बाईलाही मी थोडा दोष देतो. पत्रिका द्यायला तास लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो, आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला. ट्रकच्या जाळीला कुंकू लावलं. मला नीट लावता येत नाही, ओघळलं. शिडी लावून मागची गाठ एकदा बघून आलो. तशीच होती. उशी झटकली, उन्हात उलटी केली आणि तिच्या जागेवर ठेवून मी सीटच्या उरलेल्या कडेवर बसून गाडी चालवली. अड्यारपर्यंत एक गचका नाही.

तिथे पुष्कळ गाड्या होत्या, लोकं फोटो काढत होती. तो सगळ्यांत पुढे, टोपी घालून. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मला शेवटून तिसरा नंबर दिला होता. गिंडीपर्यंत गुमान रांगेत आलो. पुलाचा चढ सुरू झाला तसा मी रांग सोडली आणि बाहेरच्या बाजूने दाबला. एक, दोन, पाच, दहा गाड्या मागे पडल्या. आत बसलेल्या लोकांना वाटलं म्हातारा गंमत करतोय, ते टाळ्या वाजवत होते. चढाच्या मधोमध मी त्याच्या बरोबरीला आलो. त्याची मोटार ठेंगणी, माझी केबिन उंच. मी वरून बघत होतो, तो खालून.

महिनोन्‌महिने घोटलेलं वाक्य तोंडात आलं होतं.

त्याने आधी ट्रक ओळखला, मग मला. हसला. टोपी उचलली. मग त्याची नजर माझ्या बाजूला, उशीच्या वरच्या रिकाम्या जागेवर गेली आणि तो ओरडून म्हणाला, "तात्ता, पाट्टी वरलैया?"

आजी नाही आल्या का?

विसरला नव्हता. मला वाटलं होतं तो विसरला असेल आणि मला त्याला सगळं आठवून द्यावं लागेल. वाक्य त्यासाठीच इतकं लांब केलं होतं. आता लांब वाक्य लागणार नव्हतं.

"मेली," मी तमिळमध्ये म्हणालो. "दम लागून. तुम्ही हसलात त्या दिवसापासून तिनं लोकांसमोर औषध घेतलं नाही. तशीच मेली."

त्याच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही. आधी तोंड तसंच राहिलं, फक्त आतलं निघून गेलं. टोपी हातातच. बाजूला बसलेली त्याची बायको त्याच्याकडे बघायला लागली. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, ओठ हलले, पण वाऱ्यात ऐकू आलं नाही आणि मला ऐकायचंही नव्हतं. माफी असेल तर ती त्याच्यापाशीच ठेवावी त्याने. त्याची मोटार मंदावली, मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले. त्याचा पाय पेडलवरून सुटला होता.

त्यानं सोडला. मी दाबला.